सुपरवायझर नेमकं काय करतो?

खान्देशात सुपरवायझर कुठे नाही? बारावीच्या परीक्षेच्या ब्लॉकमध्ये आहे, अंगणवाडीच्या बीटमध्ये, म्हणजे अंगणवाड्यांच्या गटात आहे, जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात आहे, सावदा-रावेरकडे केळीच्या पॅकहाउसमध्ये आहे, मतदार यादीच्या कामात आहे. गावात रस्त्याचं काँक्रीट पडत असेल तर तिथेही डोक्याला रुमाल गुंडाळून तो उभा असतो. शब्द इतका घरचा झालाय की त्याचा अर्थ कोणी विचारत नाही. विचारलाच तर "लक्ष ठेवणारा" एवढं उत्तर येतं. ते अर्धंच बरोबर आहे. उरलेलं अर्धं माहीत नसल्यामुळे लोकांचं नुकसान होतं. कधी नोकरीच्या अर्जात, कधी नेमणूकपत्रात, कधी ठेवीत, कधी घराच्या स्लॅबमध्ये.

आधी शब्द सोडवून घेऊ. 'सुपर' म्हणजे वर आणि 'विदेरे' म्हणजे बघणं, हे दोन्ही लॅटिन. 'विदेरे'चीच भावंडं म्हणजे टेलिव्हिजनमधलं 'व्हिजन' आणि रिव्हिजन, म्हणजे पुन्हा एकदा बघणं. तेव्हा सुपरवाइजचा शब्दशः अर्थ झाला वरून बघणं. पण तेवढ्यावर थांबलं तर फसगत होते, कारण वरून तर बाभळीवरचा कावळाही बघतो. इंग्रजीत हा शब्द वापरताना तीन गोष्टी गृहीत धरलेल्या असतात. काम चालू आहे, ते कोणीतरी माणसं करताहेत, आणि बघणाऱ्याच्या हातात त्या माणसांना सांगण्याचा, गरज पडली तर काम थांबवण्याचा अधिकार आहे. अधिकार आला की जबाबदारी आलीच. म्हणून एखादा सुपरवाइज करतोय की नुसता बघतोय हे ओळखायला मी एकच प्रश्न विचारतो: याला काम थांबवता येतं का?

समजा, पारोळ्याकडच्या एखाद्या गावात मे महिन्यात घराचा स्लॅब पडतोय. अकरानंतर उभं राहवत नाही म्हणून सकाळी सातलाच मिक्सर सुरू झालाय. मिस्त्री वर आहे, माल भरणारे खाली. काँक्रीट घट्ट आलं की पसरवायला हात दुखतात. मग वरून हाक येते, "अजून एक डबा पाणी टाक रे भो!" पाणी पडलं की माल सरसर पसरतो आणि सगळे खूश होतात. सिमेंटला लागतं त्याहून जास्तीचं पाणी मात्र पुढे सुकून निघून जातं, जाताना आत बारीक पोकळ्या ठेवून जातं आणि स्लॅब तेवढा कमजोर होतो. हे सगळं चाललेलं असताना घरमालकाचा पुतण्या खुर्ची टाकून बसलाय. तो फोटो काढतोय, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मोजतोय, चहा वेळेवर आणवतोय. त्याचं लक्ष चोख आहे. तरी इंग्रजीत त्याच्या कामाला सुपरवाइज म्हणणार नाहीत. पाण्याचा तो डबा अडवायचा असतो हे त्याला ठाऊक नाही, आणि ठाऊक असतं तरी मिस्त्रीने त्याचं ऐकलं नसतं.

आता त्याच जागी जाणता माणूस उभा करा. तो डबा वाटेतच धरतो. मिक्सर दोन मिनिटं बंद करायला लावतो. सळ्यांखालचे कव्हरचे ठोकळे मजुरांच्या पायाने सरकलेत, ते आधी जागेवर लावून घेतो. कोपऱ्यात व्हायब्रेटर पोचला नाही, तिकडे पोरगा पाठवतो. मिस्त्री कुरकुरतो, पण ऐकतो, कारण मजुरीचं बिल याच्या सहीने निघायचंय. आणि पहिल्या पावसात स्लॅब गळला तर फोन याच माणसाला जाणार आहे. हा सुपरवायझर. पुतण्याला काय म्हणायचं, तर 'वॉच' करतोय म्हणा. त्यातही वाईट काही नाही, फक्त स्लॅबला त्याचा उपयोग नाही.

सरकारी कामावरच्या अशा माणसाला आपले आजोबा ओव्हरशियर साहेब म्हणायचे. आता त्या खुर्चीवर कनिष्ठ अभियंता किंवा शाखा अभियंता असतो. तो मेजरमेंट बुकात, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेल्या एमबीत, लांबी-रुंदी-जाडी लिहितो आणि त्यावर ठेकेदाराचं बिल निघतं. गावात पुष्कळांना वाटतं की एमबी लिहिणं हीच देखरेख. तसं नाही. एमबी हे झालेल्या कामाचं मोजमाप आहे. खडी कोणती आली, पाणी किती पडलं, रोलर किती वेळा फिरला हे एमबी उघडून कळत नाही. ते काम चालू असताना तिथे उभ्या असलेल्यालाच कळतं. म्हणून रस्ता उखडल्यावर "एमबी बरोबर आहे" हे उत्तर आलं तर ते खोटं असेलच असं नाही. विचारायचा प्रश्न दुसरा असतो: काँक्रीट पडत होतं त्या दिवशी साइटवर कोण होतं?

इथे इंग्रजीतल्या शेजारच्या शब्दांशी गल्लत सुरू होते. मॉनिटर, इन्स्पेक्ट, ऑडिट, सुपरवाइज या चारही शब्दांसाठी आपण बोलताना "लक्ष ठेवणं" किंवा "चेकिंग" म्हणून मोकळे होतो. फरक समजायला धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरातली अंगणवाडी घेऊ. एकात्मिक बालविकास योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली आणि अंगणवाड्या तिच्यातूनच आल्या. नंदुरबार जिल्ह्यात कुपोषणाचा प्रश्न जुना आहे, त्यामुळे तिथे वजनकाट्याला फार किंमत. अंगणवाडी सेविका दर महिन्याला मुलांची वजनं घेते आणि आता ती मोबाइलवर पोषण ट्रॅकर या ॲपमध्ये भरते. आकडे वर जातात, कोणतं मूल कोणत्या श्रेणीत घसरलं ते दिसतं. हे मॉनिटरिंग. ठरावीक काळाने मोजायचं, ठरलेल्या रेषेशी ताडायचं आणि फरक नोंदवायचा. हे यंत्रही करू शकतं. दवाखान्यातला हृदयाचे ठोके दाखवणारा पडदाही मॉनिटरच असतो. शाळेतला वर्गाचा मॉनिटर आठवा. गुरुजी बाहेर गेले की तो फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहायचा. शिक्षा द्यायचा अधिकार त्याला नव्हता, तो फक्त नोंद करायचा. इंग्रजीतला अर्थ बरोबर तेवढाच आहे.

आता त्याच अंगणवाडीत मुख्यसेविका येते. कागदावर ती मुख्यसेविका किंवा पर्यवेक्षिका असते, पण सेविका तिला सुपरवायझर मॅडमच म्हणतात. तिच्याकडे साधारण वीस-पंचवीस अंगणवाड्या असतात. ती येऊन आकडे वाचत बसली तर तिच्या येण्याला अर्थ नाही, आकडे तर आधीच वर गेलेत. तिने बघायचं ते वेगळं. मूल ठेवण्याआधी काटा शून्यावर होता का? मुलाच्या अंगात स्वेटर होता का? दंडघेराची रंगीत पट्टी घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर ते तीव्र कुपोषण धरतात. पट्टी दंडाच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडलेला असताना, कातडीला टेकेल पण रुतणार नाही अशी धरावी लागते. जरा आवळली की चांगलं मूल लाल रंगात जातं. जरा ढिली राहिली की खरंच आजारी असलेलं मूल हिरव्या-पिवळ्यात लपतं. मॅडम शेजारी बसून म्हणते, "ताई, आवळू नका. सोडा आणि परत घ्या." त्या 'परत घ्या' मध्ये सुपरविजन आहे. मोबाइलला पट्टी आवळली गेली हे कधीच कळणार नाही. त्याच्या दृष्टीने बाराही आकडाच आणि अकराही आकडाच.

वर्षात कधीतरी प्रकल्प अधिकारी येऊन रजिस्टरं उघडतात, धान्याचा साठा ताडून बघतात, शेरा लिहून जातात. ते इन्स्पेक्शन: बाहेरून येणं, ठरावीक वेळी तपासणं, परत जाणं. आणि हिशोबाच्या वह्या वर्ष संपल्यावर तपासणं म्हणजे ऑडिट. यात काम करून घेण्याचा भाग नसतोच. झालं ते बरोबर लिहिलंय का, एवढंच. माझं स्पष्ट मत आहे की आपल्याकडे मॉनिटरिंग दरवर्षी वाढतंय आणि सुपरविजन आटतंय. ॲप आलं की देखरेख आली असं सगळ्यांना वाटतं. मग मुख्यसेविकेचा दिवस ज्यांची माहिती भरायची राहिलीय त्यांना फोन करण्यात जातो आणि पट्टी कोणी कशी धरली ते बघायला माणूस उरत नाही.

देखरेखीची अशी वाटणी आपल्याकडे इंग्रजी येण्याआधीपासून आहे, आणि तीही धुळ्याच्या दाराशी. पांझरा नदीवरची पाणीवाटपाची फड पद्धत. आजच्या नाशिक जिल्ह्यातल्या मोसम आणि आरम या नद्यांवरही ती होती आणि काही ठिकाणी अजून चालते. नदीवर बुटका बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखाली भिजणाऱ्या सगळ्या जमिनीला म्हणायचं थळ, आणि थळाचे पाडलेले भाग म्हणजे फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या साली ऊस असलेल्या फडात पुढे दुसरं काही, अशी पाळी फिरती. खरी गंमत पाण्याची आहे. शेतकरी स्वतःच्या शेताला पाणी स्वतः भरत नाही. ते काम पाटकऱ्याचं. पिकाची राखण जागल्याचं काम. पाटकरी आणि जागल्या यांच्याकडून काम करून घेणारा हवालदार. आणि या सगळ्यांच्या वर लाभधारकांतून निवडलेले पंच.

आता इंग्रजी शब्द लावून बघा, एकेक चपखल बसतो. जागल्या 'गार्ड' करतो. पाटकरी 'ऑपरेट' करतो. हवालदार 'सुपरवाइज' करतो, कारण पाटकऱ्याने कोणाचं बारं, म्हणजे शेताला सोडलेलं पाणी, जास्त वेळ चालू ठेवलं तर ते मोडायला लावणारा तोच. पंच 'ओव्हरसी' करतात: रोज बांधावर येत नाहीत, पण नियम ठरवतात, तंटा मिटवतात, हवालदाराला जाब विचारतात. या रचनेतली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे ज्याचं शेत भिजायचंय त्याच्या हातात फावडं दिलेलं नाही. स्वतःच्याच कामावर स्वतःच सुपरवायझर, हा घोळ तिथे आधीच टाळलाय. आज कित्येक ठिकाणी ठेकेदाराने नेमलेला माणूसच ठेकेदाराच्या कामाचा सुपरवायझर असतो, तेव्हा हा बारकावा फार जाणवतो. याच पांझरेच्या खोऱ्यात, साक्री तालुक्यातल्या दातर्तीला, सायफन बांधण्याचं काम १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात नुकतेच लागलेल्या विश्वेश्वरय्यांच्या वाट्याला आलं होतं. मोठेपणी धरणांवरून ओळखला गेलेला माणूस सहायक अभियंता म्हणून उमेदवारी करत होता तो आपल्याच नदीवर.

परीक्षेतल्या सुपरवायझरकडे वळू, कारण हा शब्द सगळ्यात आधी भेटतो तो तिथे. पंचवीस पोरांचा एक ब्लॉक आणि ब्लॉकला एक शिक्षक. ब्रिटनमध्ये या शिक्षकाला सुपरवायझर न म्हणता 'इन्व्हिजिलेटर' म्हणतात, अमेरिकेत 'प्रॉक्टर'. इन्व्हिजिलेटर शब्दाच्या मुळाशी जागं राहणं आहे. म्हणजे तो आपला जागल्याच. ब्लॉकवर दुपारी साडेबाराला डुलकी लागलेले शिक्षक ज्यांनी पाहिलेत त्यांना शब्दाचं मोल कळेल. आपल्या नाशिक विभागीय मंडळाच्या केंद्रांवरही सगळे सुपरवायझर असंच म्हणतात आणि भारतीय इंग्रजीत ते चालतं. पण बाहेरदेशी अर्ज करणाऱ्या शिक्षकाने "परीक्षेत सुपरवायझर होतो" असं लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल की हा इतर शिक्षकांवरचा अधिकारी होता. तसा अधिकारी असतोच, तो केंद्रसंचालक. शाळेत 'पर्यवेक्षक' नावाचं पद असतं, मुख्याध्यापक आणि उपमुख्याध्यापक यांच्या खालचं. तिथे मात्र सुपरवायझर शब्द इंग्रजी अर्थानेही बरोबर बसतो; शिक्षकांचे तास, टाचणं, वर्गावर जाणं-येणं हे तो बघतो आणि बोलूही शकतो. विद्यापीठात पीएचडी करणाऱ्याचा गाइड हाही इंग्रजीत सुपरवायझरच.

आता थोडा कटू विषय. जळगाव जिल्ह्यात पतसंस्थांत ठेवी अडकलेली घरं गल्लोगल्ली सापडतील. त्यातल्या कित्येकांचा समज असा होता की "रिझर्व्ह बँकेचं लक्ष असतंच की." इंग्रजी बातम्यांत दोन शब्द नेहमी जोडीने येतात, रेग्युलेट आणि सुपरवाइज. नियम करणं म्हणजे रेग्युलेट. ते पाळले जाताहेत का हे संस्थेच्या वह्यांपर्यंत जाऊन बघत राहणं आणि नसतील तर हात धरणं म्हणजे सुपरवाइज. रिझर्व्ह बँक ही दोन्ही कामं बँकांसाठी करते. पतसंस्था ही बँक नाही. राज्यातली पतसंस्था १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याखाली येते. तिच्यावरची देखरेख सहकार खात्याची, जिल्ह्यात उपनिबंधकांमार्फत. संस्था बहुराज्य असेल तर २००२ च्या केंद्रीय कायद्याने ती दिल्लीतल्या केंद्रीय निबंधकांच्या अखत्यारीत जाते. ठेवीदार भुसावळचा, सुपरवायझर दिल्लीचा. बँकेतल्या ठेवीला फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे; पतसंस्थेच्या ठेवीला तो नाही. पाटीवर 'नोंदणीकृत' लिहिलेलं असतं ते खरंच असतं. पण नोंदणी म्हणजे जन्माचा दाखला. पुढे त्या संस्थेवर कोण नजर ठेवणार आणि कोण तिला थांबवू शकणार, हे त्यावरून कळत नाही. ठेव ठेवण्याआधी तेवढं एक विचारायचं.

कारखान्यातल्या पोरांनी पुढचा भाग नीट वाचावा. नेमणूकपत्रावर 'सुपरवायझर' छापून आलं की घरी पेढे वाटले जातात. पद मोठं वाटतं. पण कामगार कायद्यात याच शब्दाने काही हक्क हातचे जाऊ शकतात. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात 'कामगार' कोण याची व्याख्या होती, आणि सुपरवायझर म्हणून काम करणारा व ठरावीक रकमेपेक्षा जास्त पगार घेणारा माणूस त्या व्याख्येबाहेर ठेवला होता. ही रक्कम २०१० च्या दुरुस्तीने महिना दहा हजार झाली. त्या कायद्याच्या जागी नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेत ती अठरा हजार आहे. व्याख्येबाहेर गेलात तर कामावरून काढताना द्यायची नोटीस, नुकसानभरपाई, कामगार न्यायालयाचा रस्ता, हे संरक्षण मिळणं अवघड होतं. एखाद्या मालकाला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो पगार बेतास बात आणि हुद्दा भरघोस देतो.

सुदैवाने न्यायालयं नुसत्या हुद्द्यावर जात नाहीत. प्रत्यक्ष काम काय होतं हे बघायचं, हे तत्त्व आपल्याकडे पक्कं झालेलं आहे. तुमच्या हाताखाली माणसं होती का? त्यांना काम वाटून कोण द्यायचं? रजा कोण मंजूर करायचं? चुकलं तर समज कोण द्यायचं? ही उत्तरं "मी" अशी असतील तर तुम्ही सुपरवायझर. पाइपाच्या कारखान्यात मशीनसमोर उभं राहून तापमानाचा काटा बघायचा, दर तासाला वहीत आकडा लिहायचा आणि काही बिघडलं की वरच्या साहेबाला फोन करायचा, एवढंच काम असेल तर पत्रावर काहीही छापलेलं असो, ते मॉनिटरिंग झालं. माणसांना सुपरवाइज करतात, मशीनला नाही. इंग्रजीच्या वापरातला हा भेद कायद्याच्या कामाला कसा येतो ते बघा. हाताखालच्या माणसांची नावं, तुम्ही मंजूर केलेल्या किंवा न केलेल्या रजा, तुम्हाला आलेले आदेश, यांची एखादी प्रत जवळ असली की वाद झाल्यावर बोलायला आधार राहतो.

मुकादम आणि सुपरवायझर हेही एक नव्हेत. ऊसतोडीचा मुकादम उचल घेऊन माणसं आणतो, त्यांची मजुरी त्याच्या हातून जाते, आणि टोळी पळाली तर नुकसान त्याचं. तो अर्धा ठेकेदार असतो. बायोडाटात मुकादमीचं इंग्रजी करायचं झालं तर 'लेबर कॉन्ट्रॅक्टर' किंवा 'गँग लीडर' हे सुपरवायझरपेक्षा खरं.

'ओव्हरसी' हा शब्द सुपरवाइजचाच इंग्रजी अवतार. 'ओव्हर' वर, 'सी' बघणं. तरी वापर जरा निराळा. रोजच्या खटपटीपासून दूर, वरच्या पातळीवरून एखाद्या पूर्ण कामाची सूत्रं हाती असली की ओव्हरसी. फोरमन पाळीवरच्या बारा जणांना सुपरवाइज करतो, प्लँट मॅनेजर सगळं उत्पादन ओव्हरसी करतो. यावरून झालेलं नाम मात्र भलतंच फसवं आहे. 'ओव्हरसाइट' म्हणजे देखरेख, आणि 'ओव्हरसाइट' म्हणजे नजरचूकसुद्धा. संसदेची सरकारवरची ओव्हरसाइट म्हणजे अंकुश. आणि "ड्यू टु ॲन ओव्हरसाइट" बिल राहून गेलं म्हणजे अनवधानाने. संदर्भ बघूनच अर्थ लावावा लागतो. 'ओव्हरलुक'चंही तेच: धुळ्याजवळचा लळिंगचा किल्ला मुंबई-आग्रा रस्ता ओव्हरलुक करतो, म्हणजे वरून त्यावर नजर पोचते, आणि साहेबाने चूक ओव्हरलुक केली म्हणजे कानाडोळा केला. आपल्या कामाचं वर्णन करताना "आय ओव्हरलुक द अकाउंट्स" असं लिहिणारे भेटतात. हिशोबाकडे कानाडोळा करतो असं स्वतःच लिहून देणं झालं ते.

आणखी एक भारदस्त भाऊबंद म्हणजे 'सुपरिंटेंड'. पोलीस अधीक्षक, अधीक्षक अभियंता, कारागृह अधीक्षक, सगळे सुपरिंटेंडंट किंवा सुपरिंटेंडिंग. संविधानाच्या अनुच्छेद ३२४ मध्ये निवडणुकांवरचे निवडणूक आयोगाचे अधिकार सांगताना हाच शब्द येतो, आणि अनुच्छेद २२७ मध्ये उच्च न्यायालयाचे खालच्या न्यायालयांवरचे अधिकार सांगतानाही. जळगाव, धुळे, नंदुरबारच्या न्यायालयांवर तो अधिकार मुंबई उच्च न्यायालयाचा, आणि आपली प्रकरणं औरंगाबाद खंडपीठाकडे जातात. रोजच्या बोलण्यात हा शब्द लागत नाही.

औषधाच्या पट्टीवर मात्र सुपरविजन घरोघरी पोचलंय, फक्त वाचलं जात नाही. औषध नियमांतल्या 'शेड्यूल जी' या यादीतल्या औषधांवर, त्यात मधुमेहाच्या काही गोळ्याही येतात, इंग्रजीत इशारा असतो: वैद्यकीय देखरेखीशिवाय हे औषध घेणं धोक्याचं आहे. शब्द तिथे 'मेडिकल सुपरविजन' असा आहे, 'प्रिस्क्रिप्शन' असा नाही. चिठ्ठी एकदा लिहून घेतली आणि तीन वर्षं मेडिकलवरून त्याच गोळ्या आणल्या, याला चिठ्ठी म्हणता येईल, सुपरविजन नाही. साखर तपासून डोस कमी-जास्त करणारा, वेळ पडली तर गोळी बंद करणारा डॉक्टर अधूनमधून मध्ये असायला हवा.

आता लिहिण्यापुरतं. पुण्याला किंवा सुरतेला जायला निघालेली पोरं बायोडाटा दाखवायला येतात, त्यांत एक वाक्य फार सापडतं: "आय वर्क्ड अंडर सुपरविजन फॉर टू इयर्स." त्याला सांगायचं असतं की मी दोन वर्षं सुपरविजनचं काम केलं. इंग्रजीत त्याचा अर्थ बरोबर उलटा होतो: माझ्यावर दोन वर्षं कोणीतरी नजर ठेवून होतं. 'अंडर' आलं की तुम्ही खाली. स्वतः वर असाल तर "आय सुपरवाइज्ड ट्वेल्व्ह वर्कर्स" असं सरळ लिहा, आणि जमलं तर कुठलं काम तेही जोडा, म्हणजे पॅकिंग लाइनवर, रात्रपाळीत, केळीच्या लोडिंगवर. हाताखाली कोणी नसताना नुसतं 'सुपरवायझर' लिहून पाठवलं तर मुलाखतीत पहिलाच प्रश्न "टीम किती जणांची?" असा येतो आणि तिथे तोंड सुकतं. त्यापेक्षा 'चेक्ड', 'मॉनिटर्ड', 'मेंटेन्ड रेकॉर्ड्स' हे शब्द कमी रुबाबाचे पण खरे, आणि नोकरी द्यायला बसलेल्या माणसाला त्यांतून कामाचं नीट कळतं.

सुपरवाइजच्या मागे 'ऑन' किंवा 'ओव्हर' लावायचं नाही. मराठीत आपण कामा'वर' देखरेख करतो म्हणून ते आपोआप लागतं, इंग्रजीत कर्म थेट येतं. 'सुपरविजन'ला मात्र 'ऑफ' चालतो, "सुपरविजन ऑफ लेबर". आणि स्पेलिंगच्या शेवटी 'एस-ई'. उच्चारात झ ऐकू येतो म्हणून झेड घालण्याचा मोह होतो, पण ब्रिटिश असो की अमेरिकन, हा शब्द ॲडव्हाइज आणि रिव्हाइजच्या ओळीतला, तिथे झेड कुठेच नाही. मोबाइलवर टाइप करताना खाली लाल रेघ आली तर बहुतेक वेळा हीच चूक असते.